ओळंब्यातली थप्पी

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.

“पाय बरा होऊ दे, सरपणाची थप्पी पुन्हा ओळंबा लावून सरळ रचतो.”

“सरळ रचलीत म्हणूनच पायावर आली.”

“गवंड्याला शिकवतेस?”

“अहो, भिंत वाळून आकसत नाही. ओली लाकडं आकसतात, उन्हाकडची जास्त. मग थप्पी तिकडेच कलते. सासूबाई आधीच जरा मागं, सावलीकडं झुकवून रचायच्या.”

“आईची थप्पी वाकडी दिसायची!”

“तीस वर्षांत कधी पडली नाही.”

“बरं, बघू. तोवर तू हात लावू नकोस.”

“कालच रचली.”

“एकटीनं? आणि टिकेल?”

“सकाळी तिच्यावर उभी राहूनच छपराचं तुमचं बसवायचं राहिलेलं कौल बसवलं.”