नंबर तेवढा शिवत नाही

नाही हो सर, नंबर शिवत नाही आम्ही. पँट सांगा, ब्लाउज सांगा, दसऱ्याच्या बँडवाल्यांचे कोट याच दुकानात शिवून होतात, जरीच्या पट्टीसकट — पण हा शर्यतीचा नंबर तेवढा नको. पिना दिल्यात ना त्याच्याबरोबर? चार कोपऱ्यांना चार लावायच्या, आय्तु, झालं. टोचतात? टोचू देत की. पुढं चौकात दुसरा शिंपी आहे, तो देईल शिवून, त्याच्याकडं जावा. — रागावलो नाही हो, बसा. तुम्ही पुण्याचे, मराठीत बोललात, बरं वाटलं. कंपनीतली मराठी पोरं येतात ती इंग्लिशच बोलतात. आमची मराठी ऐकून हसू येतंय, अल्वा? येऊ दे. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात काढल्या आम्ही नामदेव शिंप्यांनी, शेजारी सगळे कन्नड, मग आणि कशी राहणार. बसा. नंबर तेवढा पिशवीत ठेवा. ठेवा हो.

कारण? कारण पाहिजेच का प्रत्येकाला… बरं, ऐका. आमचा रविकिरण — मुलगा माझा, एकुलता एक — चालायचा. पळायचा नाही, चालायचा. हां, तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, कंबर हलवत चालतात ते. लोक हसतात. मीपण हसलो होतो आधी. रिंग रोडवर पहाटे हा चालायला जायचा तर दूधवाले गाडी थांबवून बघायचे. पण सोपं नाही ते, सर. एक पाय तरी जमिनीला टेकलेलाच पाहिजे, आणि पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ — ताठ. वाकला, की पंच लिहितात. यंत्रबिंत्र काही नाही, उभे असतात रस्त्याला आणि डोळ्यांनी बघतात. तीन पंचांनी लिहिलं की दोन मिनिटं बाजूला उभं राहायचं, बाकीचे पुढं जाताना बघत. चौथ्यानं लिहिलं की बाहेर. म्हणजे अंगात पाहिजे तेवढा जोर असला तरी डोकं थंड पाहिजे. आणि आमच्या रवीचं डोकं थंड होतं हो! तेवढंच तर होतं त्याच्याजवळ. कोच म्हणायचे, याला चिडताना मी बघितलं नाही.

तर आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि ती आपल्याच देशात, चेन्नईला. त्यात पुरुषांची फायनल, त्यात आमचा पोरगा. परदेशात असती तर कुठलं जातोय आम्ही! मी आणि आमची गंगा — बायको माझी, या दुकानातलं सगळं हातशिवणीचं काम तिचं — दोघं गेलो. आदल्या दुपारी रवी लॉजवर आम्हाला भेटायला आला, पिशवीत देशाची जर्सी आणि छातीवर लावायचा नंबर. गंगानं तो नंबर हातात घेतला. कागदासारखं कापड असतं बघा ते, कडा नुसत्या कापलेल्या. तिनं विचारलं, हे असंच लावणार? पिनांनी? तो म्हणाला, सगळे तसंच लावतात आई. ती म्हणाली, सगळ्यांच्या आया शिंपीण नाहीत.

आता आमच्यात एक आहे, सर. तुम्हाला सुम्ने वाटेल, उगीचचं. शुभ कामाला निघालेल्या माणसाच्या अंगावर उघडी कोर असू नये. दुमडून, टाका घालूनच द्यायचं, हातरुमाल असला तरी. कोर न मारता आमच्या घरातनं एकच कापड बाहेर पडतं — ज्याला ते घालायचं तो परत येत नाही. समजलं ना? माझ्या आईनं तिला शिकवलं, आईला तिच्या सासूनं. तर तिला ते बघवेना. चारी बाजू अर्धं बोट आत दुमडल्या, आणि असे बारीक टाके घातले, असे बारीक, की वाटावं नंबर जर्सीतच विणून आलाय. रवीनं घालून दाखवला. आरशात बघून हसला. तिच्या पाया पडला आणि गेला.

आता तुम्ही शर्यतीत भाग घेताय, तुम्हाला माहीत असेल. नाही? मलाही नव्हतं. नंबर दुमडायचा नाही, कापायचा नाही, दिला तसाच सगळा दिसला पाहिजे. शिवायला बंदी नाही म्हणे, दुमडायला बंदी. खाली कंपनीचं नाव असतं ना, ते अर्धं आत गेलेलं. शर्यतीआधी सगळ्यांना एका तंबूत बसवतात, बूट बघतात, कपडे बघतात — तिथं तपासणाऱ्या बाईनं नंबरावर बोट ठेवलं. हे काढ, नीट लाव. कात्री तिथं आत नेऊ देत नाहीत. नखानं उसवतोय, दातानं उसवतोय. सर, गंगाचा टाका दातानं निघत नाही. मी नवरा आहे, मला माहीत आहे. बाकीचे अंग गरम करतायत, आणि हा खाली मान घालून आईचे टाके चावतोय. शेवटी ओढलं. नंबर निघाला, जर्सीपण छातीवर फाटली. कुणातरी जपानी पोरानं आपल्याकडच्या पिना दिल्या. आणि लगेच शिट्टी, चला बाहेर.

अंग थंड आणि डोकं तापलेलं — पाहिजे त्याच्या बरोबर उलटं. सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढं गेला. आम्ही कठड्याला धरून उभे. गंगा टाळ्या वाजवतेय, पुढं आहे हो आपला, पुढं आहे! मला कळत होतं. तो असा चालत नाही. फळ्यावर त्याच्या नंबरापुढं लाल खूण पडली, मग दुसरी, मग तिसरी. त्याला बाजूला उभं केलं, आमच्यासमोरच. गंगा म्हणते, बरं झालं, जरा विसावा देतायत. काय सांगणार? मी म्हटलं, हो. परत निघाला. आणि वळणावर पंचानं लाल फळी दाखवली. संपलं. आणि बाहेर काढलं की तिथल्या तिथं नंबर काढून द्यायचा असतो, सर. सगळ्यांसमोर. त्यानं रस्त्यातच उभं राहून पिना काढल्या, एकेक करून.

गंगानं एकच विचारलं. पिना कशा आल्या? मी म्हटलं, नंबर बदलून दिला असेल. दुसरा दिला असेल. ती बरं म्हणाली.

संध्याकाळी रवीनं मला लॉजच्या जिन्यात गाठून सगळं सांगितलं. म्हणाला, अप्पा, हे आईला कळता कामा नये. मी चिडलो ही माझी चूक, पण ती तसं मानणार नाही, जन्मभर स्वतःलाच खात बसेल. मी शपथ घेतली. तेव्हापासून मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही परके, उद्या भेटलात न भेटलात, म्हणून… कोच म्हणतात, वर्षभरानं परत उभा राहिला असता. उभा राहिला नाही, सर. सोडलं त्यानं. बेंगळूरला कुठल्यातरी कुरियरच्या गोदामात पार्सलं उचलतो. कँप-बिंप काही नाही, गंगाला मी सरावाचा कँप आहे म्हणून सांगितलंय. एन माडोदु, काय करणार? घरी ये म्हटलं तर येत नाही. मला म्हणाला, अप्पा, आई जेवायला वाढेल आणि मला तिचे हात दिसतील, मग मी काय करू? दिवाळीलाही आला नाही. रोज ती विचारते, कँप कधी संपणार हो? रोज मी काहीतरी सांगतो.

ती? ती आत आहे, झोपलीय. आता दुकानात येत नाही. शिवत पण नाही. चेन्नईहून आल्यापासून म्हणते डोळ्यांनी दिसत नाही, सुई ओवता येत नाही. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला डोळे चांगले आहेत. वय झालं असेल. आयुधपूजेला तेवढी आली होती दुकान धुवायला, कात्र्या-मशीन पुसून पूजा केली, परत आत गेली. सगळं हातकाम आता मीच करतो, बघा की ही तुरपाई, गिऱ्हाईक नावं ठेवतात.

खोटं वाटतंय तुम्हाला? दातानं निघत नाही म्हटलं ते? थांबा, दाखवतो. जर्सी माझ्याकडंच आहे, त्यानं जिन्यातच काढून दिली, म्हणाला टाकून द्या. देशाचं नाव आहे, टाकणार कशी? इथं, खालच्या कप्प्यात, अस्तराच्या गठ्ठ्यामागं ठेवलीय. — ही. इथं छातीवर बघा, केवढी फाट… इथं नाही. पाठीला असेल. नाही हो, समोरच होती, माझी तीन बोटं जात होती. जरा सरका, उजेड येऊ दे.

हे रफू आहे.

दोरा कुठला… आतल्या शिवणीतला काढलाय, जर्सीचाच. म्हणून रंग जुळलाय. बोट फिरवून बघा, लागतंय का काही? मला असलं येत नाही. माझ्या बापाला येत नव्हतं. हे तिचं… आणि डोळ्यांनी दिसत नाही म्हणते. आयुधपूजेला ती इथं कपाटापाशी बराच वेळ बसली होती, मी म्हटलं, दमली असेल. म्हणजे तेव्हापासून हिला माहीत… का पिना बघितल्या तेव्हापासूनच? आणि रोज मला विचारते, कँप कधी संपणार म्हणून. रोज. माझ्या तोंडाकडं बघत. सर, हिनं मला…

— हां? कोणी नाही गं! गिऱ्हाईक आहे! तू पड!

जावा सर तुम्ही. नाही, पाणी नको. काही नको. जावा, मला दुकान बंद करायचंय.