रविवारसाठी कडी

— कडी देतो की, पाळकसाहेब, कडीला काय तोटा! ही भिंत बघा, चोवीस तऱ्हेच्या कड्या टांगल्यात. देवळाच्या दाराला शोभेल अशी ती तिसऱ्या ओळीतली — हातभर लांब, एकदा आडवी सरकवली की हत्तीनं धडक दिली तरी दार हलायचं नाही. पण आधी बसा. स्टूल पुसलेलं आहे. या गावात बदलून आल्यापासून तीन महिन्यांत पहिल्यांदा दुकानाची पायरी चढलात, आणि चढलात ते नेमके कडी मागायला, तीही रविवारच्या आत बसवून हवी — मग माणसाच्या मनात एखादा प्रश्न येणारच ना? राग नाही हो. आपलं विचारतो. हा तुमचा कागद माझ्या खिशातच आहे, काल घरी पाठवलात तोच. दाखल्यांची उपासना — येशूनं सांगितलेल्या गोष्टी मंडळींनीच सोंगं घेऊन करून दाखवायच्या. कल्पना झकास आहे, कमिटीत पहिला हात मीच वर केला होता. पण हात वर केला तेव्हा ही यादी कुठं होती?

आता बघा — बी पेरणारा, तो रोपवाटिकावाला. बरोबर, त्याच्या नखांत बारा महिने माती. हरवलेलं नाणं शिंपीणबाईंना. तेही शोभतं, त्यांची सुई दिवसातून दहादा हरवते आणि सापडली की सगळी गल्ली गोळा करतात. हरवलेलं मेंढरू शाळेच्या बाईंकडे. आणि दहा कुमारींच्या दाखल्यात दार लावणारा, नवरदेवाची वाट बघताना दिव्यातलं तेल संपलं म्हणून आणायला गेलेल्या पाचजणी बाहेरून हाका मारताहेत आणि आतून ‘ओळखत नाही’ म्हणणारा — तो मी! का? — कड्या विकतो म्हणून? मान डोलावताय. धंद्यावरून कामं वाटली, सहज सुचलं म्हणताय. हे ‘सहज’ फार वाईट बरं का. मागे एक गृहस्थ आले, दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप मागितलं. म्हटलं, चोरांचं भय का? छे छे, म्हणाले, सहज. दोन दिवसांनी कळलं, सासरे महिनाभर मुक्कामाला आले होते आणि कुलूप होतं फराळाच्या कपाटाला. तेव्हापासून कुणी सहज म्हटलं की माझे कान टवकारतात. माणूस कुलूप मागायला येतो ना साहेब, तेव्हा चोराचं नाव त्याच्या जिभेवर असतं.

आणि दाखल्याचं म्हणाल, तर मला तो लहानपणापासून पटलेला नाही. हसू नका. मी शिकलेला माणूस नाही, सातवीनंतर थेट गल्ल्यावर बसलो, पण हिशेब कळतो. मुळात उशीर केला कुणी? नवरदेवानं! तो वेळेवर आला असता तर कुणाचंच तेल संपलं नसतं. पण त्याला कुणी बाहेर ठेवलं? नाही. आणि त्या शहाण्या पाचजणी काय म्हणतात, तर जा, दुकानातून विकत आणा. मध्यरात्री! त्या दुकानदाराचा कुणी विचार केलाय? बिचारा झोपेतून उठला असेल, मापं शोधली असतील, गिऱ्हाईक परत पाठवू नये म्हणून तेल दिलं असेल — आणि त्याचं कुठं नावसुद्धा नाही. मला विचारलं असतंत तर मी तो दुकानदार झालो असतो. हौसेनं झालो असतो. पण नाही, मला दार.

बरं, दार तर दार. बावीस वर्षं देवळाचं दार मीच बघतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंच असेल. नवाची घंटा, तिसरा टोला पडला की कडी. मग बाहेर कुणी का असेना. तुमच्या आधीचे पाळक एकदा स्वतःच अडकले — घंटा वाजवून फाटकाशी कुणाशी तरी बोलत उभे राहिले, मी कडी घातली. शेवटी मागच्या खोलीच्या खिडकीतून आले, झग्याला चुना लागलेला! रागावले नाहीत. म्हणाले, नियम म्हणजे नियम. सगळी मंडळी हसली. तेव्हा उशिरा येणाऱ्याला बाहेर ठेवतो म्हणून मला हे काम दिलं असेल, तर माझं काही म्हणणं नाही. पण त्यासाठीच दिलंत ना? — नाही, असं बघू नका माझ्याकडे. सरळ सांगा. कुणी कानात काही घातलंय का? आमची ही दर गुरुवारी तुमच्या मिसेसबरोबर गाण्यांच्या सरावाला बसते. दोन बायका दोन तास नुसत्या गातात, यावर मी विश्वास ठेवायचा? का शिंपीणबाई बोलल्या? पण त्यांना काय ठाऊक असणार, त्या तर त्या दिवशी तिसऱ्या बाकावर होत्या, पुढे तोंड करून. आईच्या शवपेटीजवळ.

आईच्या म्हणजे माझ्या आईच्या. चार वर्षं झाली. तुम्ही तेव्हा इथं नव्हता. तसं सगळ्यांनाच माहीत आहे ते, लपवण्यासारखं काही नाही — धाकटी बहीण लांबून यायची होती, दोन दिवसांचा प्रवास, वाटेत गाडी बंद पडली, दफनाची उपासना नवाची, ती पोचली नऊ वाजून दहा मिनिटांनी. दार बंद. आत गाणं चाललेलं, हार्मोनियमचा सूर मोठा, कुणाला काही ऐकू गेलं नाही. बाहेर पायरीवर बसून राहिली. दार उघडलं ते आम्ही आईला खांद्यावर घेऊन निघालो तेव्हा. झालं ते झालं. कुणी मला बोल लावला नाही. तिनंसुद्धा नाही! उलट पत्र लिहिलं — दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस, गाण्यात तुला ऐकू आलं नसेल. त्यानंतर चार वर्षं मी तिला ओळ लिहिली नाही. म्हणजे — वेळ मिळाला नाही, दुकान एकट्याचं. आणि परवा तिचं दुसरं पत्र. रविवारी येतेय. सकाळी उपासनेला थेट देवळातच येईन, म्हणते, गाडी वेळेवर असली तर नवाच्या आत. परवा पत्र, काल तुमची यादी, आज तुम्ही कडी मागायला दारात. आता तुम्हीच सांगा, ह्याला मी सहज म्हणू? ह्या कागदावर मूर्ख कुमारी चारच लिहिल्यात, पाचवी जागा मोकळी — ती कुणासाठी राखून ठेवलीय? मी सगळ्या मंडळीसमोर कडी घालायची, बाहेरून ती वाजवणार, आणि मी आतून म्हणायचं ओळखत नाही? अहो, कसं म्हणू? तिची थाप मी हजारांत ओळखेन. लहानपणी आई दाराला आतून कडी घालून झोपायची, तेव्हा आमची खूण ठरलेली — दोनदा वाजवायचं, थांबायचं, मग एकदा. तशीच वाजवली तिनं. दोनदा, थांबून एकदा. कडी माझ्या हाताखाली गारगार लागत होती, आणि मी मनात म्हटलं, वाजव. तीन वर्षं आईची अंथरुणं मी बदलली, घास मी भरवला, आणि तू आता येऊन पहिल्या बाकावर बसून रडणार आणि सगळी मंडळी तुझे डोळे पुसणार? वाजव. गाण्याची चार कडवी होती. चौथ्या कडव्यापर्यंत वाजवत होती ती —

काय म्हणालो मी?

नाही, ते — ऐकू आलं नाही असंच आहे ते. सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक होतं ना? म्हणून तर — मग असं तोंड का केलंत? तो काय कागद काढताय? द्या इकडे. चष्मा... तुमचं अक्षर म्हणजे मुंग्या सोडल्यासारखं. ‘दार — हार्डवेअरवाले काका. आवाज मोठा, शेवटच्या बाकापर्यंत जाईल.’ आवाज? नुसता आवाज? आणि पाचवी मूर्ख — तुमच्या मिसेस! त्यांनाच दर रविवारी उशीर होतो म्हणून त्यांनीच हट्ट धरला. म्हणजे तुम्हाला कुणी काहीच... आमची ही पण नाही? आणि कडी? जुनी गंजून कोयंड्यात बसत नाही, वाऱ्यानं दार आपटतं, म्हणून. एवढंच.

वा. गल्ल्यावर बसल्यापासून समोरच्याचा खिसा त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो मी, आणि आज आपलाच खिसा उलटा करून गल्ल्यावर ठेवला. — नाही, पाणी नको. हात खांद्यावरून काढा, रस्त्यावरून लोक बघताहेत. ती आल्यावर तिला काही सांगणार नाही ना? का सांगणार? का मीच सांगावं असं हे डोळे म्हणताहेत? काहीही म्हणू देत. निघा तुम्ही, माझी गिऱ्हाइकाची वेळ झाली.

कडी? कडी नाही. संपली. — ती? ती तिसऱ्या ओळीतली विकलेली आहे. तीही. ती पितळी पण. सगळ्याच विकल्यात. रविवार होईपर्यंत ह्या दुकानात एकसुद्धा कडी शिल्लक नाही, पाळकसाहेब. वाऱ्यानं दार आपटलं तर आपटू दे. या आता.