सुनेचं स्टूल

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या.

"सुनेनं नुसता वात आणलाय हो! कापडाच्या दुकानात कामाला आहे. परवा घरातलं स्टूल नेलं आणि काउंटरमागे चक्क बसली."

"मग? बसू नये?"

"अहो, दिवसभर उभंच राहायचं, असा नियम आहे तिथे. मालक म्हणाला, ऊठ, नाहीतर घरी जा. ही म्हणते, गिऱ्हाईक आलं की उठेन."

"काढलं तिला?"

"काढतोय कसला! दुसऱ्या दिवशी बाकीच्या सातही जणी स्टुलं घेऊन हजर. आता समोरच्या चपलांच्या दुकानातल्या पोरीही बसायला लागल्यात. आणि मला माळ्यावरचा डबा काढायला घरात स्टूल नाही!"

"दुसरं आणा की."

"आणलं होतं. तेही नेलं, नव्या मुलीसाठी. आता काय बोलायचं, सांगा!"

"तुमचे गुडघे कशानं गेले?"

"त्याच दुकानात सव्वीस वर्षं उभी होते."

"तेव्हा बसायला काहीच नव्हतं?"

"एक स्टूल होतं की. त्यावर मालकाचं मांजर झोपायचं. सव्वीस वर्षांत तीन मांजरं झाली, एकालाही उठवलं नाही मी!"