पडद्यामागून आलेल्या आवाजाबाबत

मला सगळे दोरीआजी म्हणतात. वय एकाहत्तर, दाखल्यावर अडुसष्ट. शिक्षण दुसरी. धंदा कपडे शिवणे व नाटकाचा पडदा ओढणे. राहणार नाट्यगृहामागची गल्ली, छापखान्यावरची खोली.

पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्या नातीने एका छोट्या कादंबरीचं नाटक केलं आहे. त्यात म्हातारा धर्मोपदेशक आहे. चाळीस वर्षं लोकांना देव सांगून झाल्यावर त्यालाच शंका येते, वर कोणी आहे की नाही. त्याचा झगा मी शिवला. तालमींना मी कोपऱ्यात मशीनवर असायचे, त्यामुळे नाटक तोंडपाठ आहे.

काल दुपारी चारला पहिला प्रयोग झाला. खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे. आतून वाक्यं सांगणारी मुलगी तापाने पडली, म्हणून नात म्हणाली, "आजी, कोणी अडलं तर फक्त पुढचा शब्द दे."

तिसऱ्या अंकात उपदेशक वर बघून विचारतो, "कोणी आहे का?" तालमीत लगेच पुढचं वाक्य यायचं. काल नट गप्पच झाला. नातीने सकाळीच तिथे मनात वीस मोजेपर्यंत शांतता घातली होती, मला सांगायचं राहिलं. मला वाटलं, गडी विसरला, पोरीचं नाटक पडलं. शब्द द्यायचा सोडून मी ओरडले, "आहे! पुढे बोल!" मला ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज मोठा आहे.

नट गुडघ्यावर बसला आणि खरंच रडला. अर्धं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. तिसऱ्या रांगेतले तक्रारदार लाकूडवाले ओरडले, "देवाला म्हातारीचा आवाज! ही टिंगल आहे! बंद करा!" मी आतून म्हटलं, "बसा खाली, अजून अर्धा अंक आहे." ते बसले. तक्रार नंतर केली.

नातीने मुद्दाम केलं असं तक्रारीत आहे, ते खोटं आहे. आवाज माझा, चूक माझी. देवाचा आवाज कसा असतो हे लाकूडवाल्यांना माहीत असेल तर त्यांच्या जबाबात घ्यावं.

साहेबांनी विचारलं, तुमचा स्वतःचा विश्वास आहे का. मी म्हटलं, पुढचं विचारा.

आजच्या प्रयोगाला परवानगी हवी तर असा आवाज पुन्हा येणार नाही असं लिहून द्या, म्हणाले. देते. पण नट पुन्हा अडला तर माझ्या तोंडाची हमी नाही. हे वाक्य खोडू का, असं लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं. नको म्हटलं.

मला ऐकू जावं म्हणून हवालदारांनी हे ओरडून वाचलं. बाहेर बाकावरच्या नातीनेही ऐकलं, ती कपाळाला हात लावून हसते आहे. मी बोलले तसंच उतरलं आहे. अंगठा नको, सही येते. लवकर घ्या. चारला पडदा आहे आणि दोरी माझ्याकडे आहे.