मखमली कोटाचं माप

कपड्यांच्या दुकानात आरशापुढच्या रांगेत उभ्या शिक्षिकाबाईंचा जीव पुढे सुनेसोबत आलेल्या एका सासूबाईंच्या अंगावरल्या मखमली कोटात अडकला होता. तसा तो एकच उरला होता, आणि रविवारी बाईंच्या भाचीचं लग्न.

“घ्या हो आई. आपल्या घरचं लग्न थंडीतलं आहे.”

“अगं, आतली रेशमी साडी झाकली जाते.”

“आतले दोन स्वेटरही झाकले जातात.”

“स्वेटरचं हळू बोल.”

“आणि बाबांचे लोकरी मोजे?”

“सूनबाई, दवंडी पिटतेस का? थांब, या ताईंनाच विचारू. ताई, खरं सांगा, कसा दिसतो?”

शिक्षिकाबाई लगेच म्हणाल्या, “छान आहे, पण तुम्हाला जरा ढगळ होतो.”

“ऐकलंस?” सासूबाई खुलल्या. “ढगळ होतो म्हणतात. म्हणजे तिसरा स्वेटरही मावेल. बांधायला सांग.”