जांभळीची धार

लीलाबाई : खरं सांग शगुफ्ता, साडी धुतलीस?

शगुफ्ता : धुतली काकू. तुम्ही काल दिलीत तेव्हा तिला शेणाचा वास येत होता.

लीलाबाई : आगं, मग म्हशीच्या साडीला काय अत्तराचा वास येतुय? त्या वासासाठीच तर दिली हुती. वरीसभर तीच साडी नेसून मी जांभळीची धार काढली. नाकाला वास गेला की तिला वाटतं, लीलाच आली. म्हणून नवीन माणसाला जुनी साडी द्यायची आसती. न धुता.

राजमहंमद : वैनी, नुसती धुतली न्हाय. उकळत्या पाण्यात बुडवली, वर औषध टाकलं जंतू मरायचं. वाळल्यावर इस्त्री केली.

लीलाबाई : इस्त्री?

शगुफ्ता : अब्बा, सासरा म्हणून तुम्ही कधीतरी माझ्या बाजूनं बोला.

राजमहंमद : मी तुझ्याच बाजूनं हाय बेटा. फक्त आज म्हस बरोबर हाय.

शगुफ्ता : म्हणूनच तिनं आत्ता चरवी उडवली. मला वाटलं, ड्रेसवरून साडी गुंडाळली म्हणून तिला ते आवडलं नसेल.

लीलाबाई : तुझी फ्याशन कशाला बघंल ती. परवा काय घालून बसली हुतीस तिच्यापाशी? भाऊ, तुमी हुता का घरी?

राजमहंमद : हायवेवर दुकानात हुतो मी, पंक्चर काढत. चरवीचा आवाज तितवर आला.

शगुफ्ता : टोपी, मास्क आणि हातमोजे. कंपनीत असंच असतं काकू. दुधात केस सापडला तर सगळी टाकी बाजूला काढतात.

लीलाबाई : बिचारीला वाटलं, डॉक्टर आला सुई टोचायला. सडाला कायतरी थंडगार चोळलंस म्हणं.

शगुफ्ता : सॅनिटायझर.

राजमहंमद : तौबा.

शगुफ्ता : हसा तुम्ही. एमआयडीसीतल्या डेअरीत मी सात वर्षं टेस्टिंगला होते. दुधातलं पाणी मी नुसत्या वासावरून सांगायचे.

लीलाबाई : दूध तपासत हुतीस, म्हस न्हवं. दूध काय, धरलं की धरलं. हिला आधी विचारावं लागतंय.

शगुफ्ता : कसं विचारू? सहा दिवस झाले ती आमच्या दारात येऊन. सकाळ-संध्याकाळ तुम्हीच येताय धार काढायला, तेही त्या गुडघ्यानं. डॉक्टरांनी तुम्हाला उकिडवं बसू नका म्हणून सांगितलंय ना?

लीलाबाई : डॉक्टरला काय जातंय सांगायला. पर आमच्या युवराजला कळलंय आता. काल फोनवर लई वरडला. म्हणला, आई, म्हस दिऊन टाकली तरी तू गोठ्यातच. उद्यापास्नं जायचं न्हाय.

राजमहंमद : आणि म्हस?

लीलाबाई : आज हिच्या हातानं धार निघाली तर हितंच. न्हाय निघाली तर उद्या आमच्या गोठ्यात, आन् तितनं बाजारात. दूध आंगात ठिवून सुकवायची न्हाय तिला. दुसऱ्या वेताची म्हस हाय, कास खराब हुईल.

शगुफ्ता : मला माहीत आहे. उद्या सकाळी सुपरवायझर मॅडमचा फोन यायचाय. माझी जागा अजून भरलेली नाही. सोमवारी येतेस का नाही, एवढंच विचारणार आहेत. आफताब तर गाडी पुसून बसलाय. म्हणतो, दोघं एकाच गाडीवर जाऊ परत, पहिल्यासारखं.

राजमहंमद : माझा पोरगा म्हणून सांगतो, त्याला तुझी काळजी न्हाय. डबा कोण भरणार ह्याची काळजी हाय.

लीलाबाई : रेडकू कुठं बांधलंय?

शगुफ्ता : मागं. बाटलीनं पाजते मी त्याला. व्हिडिओत सांगितलंय, पिल्लू वेगळं ठेवलं की सडाला इन्फेक्शन होत नाही.

लीलाबाई : ऐकताय का भाऊ? लेकरू मागं, साडीला इस्त्री. आन् हिला पान्हा पायजे. सोड त्याला आधी. दोन घोट पिऊ दे, मग बाजूला धर. त्याचं तोंड लागलं की तिचं मन हलतंय.

शगुफ्ता : मग?

लीलाबाई : मग आंबोण ठिव म्होरं, बस खाली, कपाळ तिच्या कुशीला टेकव आन् बोल.

शगुफ्ता : काय बोलू?

लीलाबाई : कायबी. मी मालकांच्या कागाळ्या सांगायची. हिच्या आईला सांगितल्या, हिच्या आजीला सांगितल्या. आमच्या घरातलं तीन पिढ्या म्हशींना समदं ठावं हाय.

राजमहंमद : म्हणून तुमचं मालक, सर्जेराव, गोठ्याकडं फिरकत न्हवतं.

लीलाबाई : फिरकलं आस्तं तर कागाळ्या कमी झाल्या आस्त्या. चला भाऊ, आपुन भाईर बसू. मी दिसले की ती माझ्याकडंच बघत ऱ्हाईल.

(दोघं गोठ्याबाहेर बाजेवर बसतात. आत शगुफ्ता आणि जांभळी.)

शगुफ्ता : जांभळे, ऐक. आज तुझं आंबोण मी वजन करून दिलंय. प्रोटीन बरोबर आहे.

राजमहंमद : बेटा, तिला रिपोर्ट वाचून दाखवू नको.

शगुफ्ता : मग तुम्ही बोला ना अब्बा. तुम्ही ट्यूबशी बोलता ना दुकानात?

राजमहंमद : मी गिऱ्हाइकाशी बोलतो. ट्यूब गप बसती, म्हणून तर माझा धंदा चालतोय.

लीलाबाई : तुमी गप बसा भाऊ. पोरी, आमी हितं न्हाईच आसं समज.

शगुफ्ता : रेडकू प्यायलं. बाजूला धरलंय. जांभळे, मला लाज वाटते ग असं बोलायला. बरं. सात वर्षं माझ्यापुढं नळ्या यायच्या. गावोगावचं दूध, एकेका नळीत. फॅट बघायचं, लिहायचं, पुढची नळी. कुणाचं दूध, कुणी काढलं, काही नाही. नुसता नंबर.

लीलाबाई : (हळू) लागली बोलायला.

शगुफ्ता : एकदा एका दुधाला धुराचा वास आला. चुलीचा. कुणीतरी बाईनं चुलीशेजारी ठेवलं असणार. भाकरी करत असेल, लेकरू रडत असेल, गडबडीत झाकायचं राहिलं असेल. दिवसभर माझ्या डोक्यातून ती बाई जाईना. नियमानं ते दूध घ्यायचं नव्हतं. मी नाही म्हणून लिहिलं. सही केली. घरी येऊन न्हाणीघरात रडले. आफताबला कधी सांगितलं नाही. त्याला वाटतं, शिफ्टचा कंटाळा आला म्हणून मी नोकरी सोडली.

राजमहंमद : हे मलाबी ठावं न्हवतं, वैनी.

लीलाबाई : गप.

शगुफ्ता : मला कंटाळा नव्हता आला. मला त्या बाईसारखं व्हायचं होतं. एक घर, एक म्हैस, आणि आपल्या हातानं काढलेलं दूध. एवढंच. आणि सहा दिवस झाले, मला तेही जमेना. तू लाथ मार, चरवी उडव, मी रोज धुईन चरवी. पण बाजारात जाऊ नकोस. मला सोमवारी त्या नळ्यांपाशी परत नाही जायचं. मला भीती वाटते ग जांभळे, मला दुसरं काही येतच नसेल तर...

लीलाबाई : भाऊ, ऐका.

राजमहंमद : काय?

लीलाबाई : चरवी वाजतीया.

शगुफ्ता : काकू! काकू, हे...

लीलाबाई : थांबू नगंस. बोलत ऱ्हा. हात हलू दे आन् बोल.

शगुफ्ता : काय बोलू आता?

लीलाबाई : सासऱ्याच्या कागाळ्या सांग. लई आसत्याल.

शगुफ्ता : जांभळे, आमचे अब्बा चहात तीन चमचे साखर घेतात आणि शुगर तपासायला जायचं असलं की आदल्या दिवशी जेवत नाहीत. डॉक्टरला फसवतात. परवा मला म्हणाले, म्हैस आणलीस, आता बासुंदी कधी?

राजमहंमद : ही घरातली गोष्ट हाय.

लीलाबाई : आता म्हस घरातलीच हाय.

शगुफ्ता : आवाज बदलला काकू. मघाशी टणटण वाजत होतं, आता नाही वाजत.

लीलाबाई : फेस आला आसंल. दोन्ही हातानं लाव आता, घाई करू नगंस. चारी सड हुस्तवर उठू नगंस.

राजमहंमद : वैनी, डोळ्यात काय गेलं?

लीलाबाई : गोठ्याभाईर धूळ आसती.

राजमहंमद : म्या आत्ताच पाणी मारलंय हितं.

लीलाबाई : मग पाणी गेलं आसंल.

शगुफ्ता : झालं! काकू, बघा. पाच लिटरला थोडं कमी. अब्बा, हात लावू नका, मीच धरते. मला कुणालातरी दाखवायचंय. कुणाला दाखवू?

लीलाबाई : दाखवलंस की आमाला. आता जा, फॅट बघ, लिव्ह, सही कर.

शगुफ्ता : नाही. चहा ठेवते. सगळ्यांना ह्याच दुधाचा. आणि आफताबला फोन करून सांगते, सोमवारी एकटाच जा म्हणून.

राजमहंमद : साखर तीन चमचं.

शगुफ्ता : एक. ऐकलंय आता जांभळीनं.

लीलाबाई : मी चहाला न्हाय थांबत. मालक वाट बघत आसत्याल.

शगुफ्ता : एक कप तर घ्या काकू. तुमच्यामुळंच झालं.

लीलाबाई : माझ्यामुळं काय न्हाय. माझी साडीबी तू धुऊन टाकलीस. तिनं तुझाच वास घेतला, तुझंच ऐकलं. जा, दूध झाकून ठिव आधी.

राजमहंमद : गेली आत. वैनी, उद्या सकाळी?

लीलाबाई : उद्या कशाला? युवराजला बरं वाटंल, आई घरात बसली म्हणून. जरा हात द्या उठायला. गुडघा धरलाय.

राजमहंमद : जांभळीला भेटून जा की. आत जाऊन पाठीवर हात फिरवा.

लीलाबाई : नगं. आता गेले तर ती परत माझ्या नादाला लागंल, न् पोरीला पैल्यापासनं सुरू करावं लागंल. मी ह्या कडंनं जाते. भाऊ, तुमी तेवढं बघा, मला मागं वळायचं न्हाय. बघती का माझ्याकडं?

राजमहंमद : बघतीया की. मान वर करून बघतीया.

लीलाबाई : आंबोण खायचा आवाज येतुय मला हितं. खोटं बोलताय भाऊ तुमी. पर बोललासा, बरं वाटलं.