खाडाखोड चालणार नाही

अर्धा दिवस रांगेत मोडल्यावर सुताराच्या पुढे एकच बाई उरल्या होत्या, आणि खिडकीतल्या कारकुनाशी त्यांची जुंपली होती.

“पेपर लिहायला लेखनिक हवाय ना मुलीला? मग अर्ज तिच्याच हातचा लागतो.”

“तिच्याच हातचा आहे. ‘मला लिहायला जमत नाही’ हे तिनंच लिहून द्यायचं. तुमचाच नियम!”

“खाडाखोड चालत नाही हं.”

“माहितीये. मागच्या आठवड्यात तेवढ्यासाठीच परत पाठवलंत.”

“बघू. अरे वा! एकही चूक नाही.”

“एकोणीस कागद फाडलेत तिनं. अक्षरं उलटसुलट होतात तिची.”

“इथे तर सगळी सुलटी आहेत. इतकं छान लिहिते, मग लेखनिक कशाला?”

“अहो, या चार ओळींना तीन दिवस लागले! पेपर तीन तासांचा असतो!”

“ते या कागदावर कुठे दिसतंय?”

“मग तो खाडाखोडीचाच घ्या ना!”

“तो बाद झालाय, बाई.”

सुतारानं आपल्या लेकीच्या अर्जाची घडी उलगडली, कानामागची पेन्सिल काढली आणि बाईंच्या मागून मान उंचावून विचारलं, “साहेब, खाडाखोड नेमकी किती ठेवायची?”